मरूद्यान, गंगोत्री आणि कातळ : शिरमाकर प्रदेशाच्या नामकरणाचा इतिहास

अंटार्क्टिकाचा एक टक्क्याहूनही कमी भूभाग बर्फाबाहेर आहे. या अत्यल्प उघड्या जमिनीविषयी गेल्या शतकभरात जे लेखन झाले, त्यातील मूलभूत संज्ञा बहुतांशी रूपके आहेत. ज्या भूमीत मूळ वस्ती नाही, म्हणून स्थानिक भाषाही नाही, तेथे प्रत्येक आगंतुक आपल्या परिचयाच्या भूगोलातून नाव आणतो. भारतीय संशोधनाशी चार दशकांहून अधिक काळ जोडलेला शिरमाकर प्रदेश या प्रक्रियेचे उत्तम उदाहरण आहे. तेथील नावांचा इतिहास पाहता असे दिसते की, नाव प्रथम आकांक्षेतून पडते आणि क्षेत्रीय निरीक्षण पुढे त्याची परीक्षा घेते.

क्वीन मॉड लँडमधील हा पट्टा सुमारे २५ किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त तीन किलोमीटर रुंद आहे. दक्षिणेस खंडाचे प्रचंड हिमावरण आणि उत्तरेस समुद्रावर तरंगणारा हिमस्तर, यांच्यामध्ये ठेंगण्या टेकड्यांची ही रांग उभी आहे. उतरणाऱ्या हिमाला खडकाचा अडथळा होतो. खंडाच्या अंतर्भागातून वाहणारे कोरडे वारे हिम झिजवतात आणि उघडा पडलेला काळपट खडक उन्हाळ्यातील ऊन शोषून घेतो. या कारणांमुळे तो बर्फमुक्त राहतो. येथे शंभरांहून अधिक सरोवरे आहेत. उत्तर काठावरील काही सरोवरांचा हिमस्तराखालून समुद्राशी संबंध असल्यामुळे त्यांची पातळी भरती-ओहोटीनुसार हलते. जीवसृष्टी मात्र शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्म जीव एवढीच.

अशा भूमीला ‘ओअ‍ॅसिस’ का म्हणावे? १९०३ मध्ये स्कॉटच्या तुकडीला मॅकमर्डोजवळ पहिली हिमरहित दरी आढळली, तेव्हा त्या परिसरासाठी ‘कोरड्या दऱ्या’ हे वर्णनपर नाव रूढ झाले. १९४७ मध्ये अमेरिकी वैमानिक बंगर याला बर्फात उघडे खडक आणि सरोवरे दिसली. त्या वृत्ताला वृत्तपत्रांनी अद्भुताचा रंग दिला आणि ‘ओअ‍ॅसिस’ या शब्दाला मोठी प्रसिद्धी मिळाली. शिरमाकरचा शोध त्याआधीचा, फेब्रुवारी १९३९ चा. ‘श्वाबेनलांट’ जहाजावरील जर्मन मोहिमेच्या वैमानिकाचे नाव त्यास मिळाले. ही मोहीम विमानातून नाझी चिन्हांकित धातूचे भाले हिमावर टाकत होती, तर नॉर्वेने १४ जानेवारी १९३९ रोजीच या प्रदेशावर हक्क जाहीर केला होता. नकाशा आणि नाव ही त्या काळी मालकीची साधने होती. १९५९ च्या अंटार्क्टिक कराराने सार्वभौमत्वाचे दावे गोठवले, नावे मात्र गोठली नाहीत. १९६१ मध्ये सोव्हिएत संघाने येथे नोवोलाझारेव्हस्काया हे केंद्र उभारले.

भारताच्या नामकरणाची भूमी वेगळी होती. जुलै १९८१ मध्ये दिल्लीत महासागर विकास विभाग स्थापन झाला. त्याच वर्षी ६ डिसेंबरला डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली मोहीम गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर पोहोचली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत उभारलेल्या केंद्राचे नाव ‘दक्षिण गंगोत्री’. गंगोत्री म्हणजे उगमाचे तीर्थ. एका नवस्वतंत्र राष्ट्राच्या ध्रुवीय विज्ञानाचा आरंभ त्यातून सूचित होतो. परंतु हे केंद्र तरंगत्या हिमस्तरावर होते. ते क्रमशः हिमाखाली गाडले गेले आणि १९९० मध्ये बंद करावे लागले. त्याआधीच शिरमाकरच्या खडकावर ‘मैत्री’ उभे राहिले होते. त्याला पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या सरोवरास इंदिरा गांधींच्या नावावरून ‘प्रियदर्शिनी’ म्हणतात. तेच सरोवर अन्यत्र ‘झुब’ या नावाने नोंदले आहे. जल एकच, भाषा दोन.

तीर्थाचे नाव वास्तूला लाभले नाही. ते टिकले हिमनदीच्या रूपात. शिरमाकरच्या पश्चिम भागात खडकावर येऊन थांबणाऱ्या हिमजिव्हेलाही ‘दक्षिण गंगोत्री’ हेच नाव आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १९८३ पासून तिच्या मुखाचे मोजमाप करीत आले आहे. या कामाचा दीर्घकाळ आधार असलेला सर्वेक्षणाचा अंटार्क्टिका विभाग दिल्लीलगतच्या फरिदाबादेत होता. २००५ मध्ये या हिमनदीचा परिसर करारान्वये विशेष संरक्षित क्षेत्र ठरला. मूळ गंगोत्रीचे गोमुख जसे मागे सरत आहे, तसे हे मुखही मागे सरले आहे. पावित्र्याच्या भावनेतून आलेले रूपक अशा रीतीने मोजपट्टीच्या आधाराने अर्थपूर्ण झाले. अर्थात, ही अर्थपूर्णता नाव देणाऱ्यांना अभिप्रेत नव्हती.

तौलनिक साहित्याच्या दृष्टीने या मोहिमांचे दुसरे अंग भाषिक आहे. तिसऱ्या मोहिमेत प्रथमच दोन भारतीय स्त्रिया होत्या : नागपुरात जन्मलेल्या सागरविज्ञ अदिती पंत आणि जादवपूरच्या भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता. सेनगुप्तांनी शिरमाकरच्या खडकांचा अभ्यास केला आणि ‘आंटार्क्टिका’ हे प्रवासवर्णन बंगालीत लिहिले. खडकाचा अभ्यासक स्वभाषेत लिहू लागला की त्याला केवळ उसन्या रूपकांवर भागवता येत नाही. थर, घडी, भेग यांचे शब्द शोधावे लागतात.

मराठीत ‘ओअ‍ॅसिस’साठी ‘मरूद्यान’ हा शब्द वापरला जातो. त्याचा पूर्वार्ध येथे अनपेक्षितपणे अचूक आहे, कारण वृष्टीच्या मापाने अंटार्क्टिका हे वाळवंटच आहे. उत्तरार्ध मात्र दिशाभूल करतो. उद्यानाचा कोणताही अर्थ या भूमीला लागू होत नाही. इंग्रजी शब्दातील अतिशयोक्ती अनुवादात आणखी वाढली, असे म्हणावे लागते. याउलट ‘कातळ’ हा शब्द मराठीत कोकणापासून देशापर्यंत जिवंत आहे. त्यात उघडेपणा, तापणे आणि पावसाळी पाण्याची डबकी यांचे अनुभव साठलेले आहेत. शिरमाकरचा खडक कोकणी जांभ्यापेक्षा वेगळा असला, तरी उघड्या खडकाचा आणि त्यावर साचणाऱ्या पाण्याचा संबंध मराठी वाचकाला या शब्दातून तत्काळ कळतो. पारिभाषिक कोशांनी नवी संज्ञा घडवण्यापूर्वी अशा शब्दांची चाचणी घेतली पाहिजे. कारण ज्या भूमीला आपली स्वतःची भाषा नाही, तिच्याबाबत अनुवादकाची निवड हीच बहुसंख्य वाचकांसाठी त्या भूमीची पहिली ओळख ठरते.