खाणं सारखंच, तरी रक्तात अन् डोळ्यांत कॅरोटीन कमी-जास्त का?

गाय आणि म्हैस एकाच गव्हाणीत हिरवा चारा खातात. तरी गायीचं दूध पिवळसर असतं आणि म्हशीचं पांढरं. चाऱ्यात बीटा कॅरोटीन नावाचं पिवळं-केशरी रंगद्रव्य असतं. म्हैस जवळपास सगळ्याचं 'अ' जीवनसत्त्व करते, तर गायीकडून त्यातलं काही तसंच दुधात उतरतं. माणसामाणसांतही असा फरक असतो.

रक्तातला फरक

गाजर, लाल भोपळा, पपई, मेथी, शेवग्याचा पाला यांतलं बीटा कॅरोटीन आतड्यात मोडून त्याचं 'अ' जीवनसत्त्व होतं. हे काम 'बीसीओ१' या जनुकाकडे असतं. ब्रिटनमधल्या महिलांवरचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. या जनुकात एक ठरावीक बदल असलेल्यांमध्ये हे रूपांतर ३२ टक्के कमी, तर दोन बदल असलेल्यांमध्ये ६९ टक्के कमी आढळलं. अशांच्या रक्तात कॅरोटीन जास्त दिसतं, पण 'अ' जीवनसत्त्व कमी तयार होतं.

डोळ्यातला फरक

डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध पीतबिंदू असतो. त्याचा पिवळा रंग ल्युटीन आणि झिॲक्सँथिन या कॅरोटीनच्याच जातकुळीतल्या द्रव्यांमुळे येतो. ती प्रखर निळा प्रकाश अडवतात. शरीर ती तयार करत नाही, पालेभाज्या, पिवळा मका आणि अंड्याच्या बलकातूनच मिळतात. आतड्यातून ती शोषून घ्यायला 'एससीएआरबी१' हे जनुक लागतं, तर डोळ्यात झिॲक्सँथिन धरून ठेवायला 'जीएसटीपी१'. त्यामुळे सारखं जेवूनही पीतबिंदूतला साठा कमी-जास्त राहतो.

मग करायचं काय?

आपलं जनुक कसं आहे, हे घरी कळत नाही. म्हणून एकाच गोष्टीवर विसंबू नये.

- पालेभाजी तेलाच्या फोडणीत करावी. कॅरोटीन तेलातच विरघळतं, तेलाशिवाय ते अंगी लागत नाही.
- भाजीसोबत दूध, तूप किंवा अंडी असावीत. त्यात 'अ' जीवनसत्त्व तयारच असतं, जनुकावर अवलंबून राहावं लागत नाही.
- बाळाला नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत 'अ' जीवनसत्त्वाचे ९ डोस सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात. एकही चुकवू नये.
- सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांनी बीटा कॅरोटीनच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना रोज २० मिलिग्रॅम गोळी दिली, तेव्हा त्यांच्यात फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. हा निष्कर्ष १९९४ साली जाहीर झाला. भाजीतल्या कॅरोटीनचा असा धोका नाही.

तिन्हीसांजेला मूल ठेचकाळत असेल, अंधारात चाचपडत असेल, तर "भाजी तर रोज खातो की" म्हणून गप्प बसू नका. ते रातांधळेपणाचं लक्षण असू शकतं. मुलाला लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.