आकाशातील पाहुणे आणि सत्याची कसोटी

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या आकाशातून जळते प्रकाशपट्टे सरकताना असंख्य लोकांनी पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी गावात धातूचे एक भले मोठे कडे कोसळले. उल्का, विमान, परग्रहावरील यान अशा तर्कांना उधाण आले. पुढे खगोलतज्ज्ञांनी हिशेब मांडला. चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या अग्निबाणाचा एक टप्पा पृथ्वीच्या वातावरणात परतताना जळाला असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता.

त्यानंतर एका रविवारी पेणहून रोह्याला मिस्सेसाठी गेलो असता एका मुलाने मला विचारले, "फादर, परग्रहावर माणसे असतील, तर येशू त्यांच्यासाठीही आला का?"

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. डॉ. जयंत नारळीकरांनी मराठी वाचकाला विज्ञानकथांतून परग्रहावरील जीवांची ओळख करून दिली. परंतु कल्पना आणि पुरावा यांची त्यांनी कधी गल्लत केली नाही. त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय शास्त्रज्ञांनी २००१ आणि २००५ साली हैदराबादहून प्रचंड फुगे सोडले आणि ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा केले. दुसऱ्या प्रयोगात जीवाणूंच्या तीन नव्या जाती हाती लागल्या. अतिनील किरणांना त्या अधिक तोंड देऊ शकत होत्या. असे असूनही, हे जीव पृथ्वीबाहेरून आल्याचे निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असे २००९ साली निकाल जाहीर करताना स्पष्ट सांगण्यात आले. इतक्या परिश्रमांनंतर 'अद्याप सिद्ध नाही' असे म्हणणे सोपे नसते. नारळीकर २० मे २०२५ रोजी आपल्यातून गेले. हा धडा मागे राहिला.

ख्रिस्तसभेचा इतिहासही या प्रश्नाला अपरिचित नाही. देव अनेक जगे निर्माण करू शकत नाही, हे मत १२७७ साली पॅरिसच्या महागुरूंनी त्याज्य ठरविले. १४४० साली निकोलस ऑफ क्यूसा यांनी इतर ताऱ्यांवरही रहिवासी असावेत असे लिहिले. पुढे ते कार्डिनल झाले. मात्र १६०० साली रोममध्ये जॉर्दानो ब्रूनोला जिवंत जाळण्यात आले. त्याच्यावरील अनेक आरोपांत असंख्य जगांचे मतही होते. ही लज्जास्पद घटना आपण झाकू नये. २००८ साली व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक फादर फ्यूनेस यांनी सांगितले, की परग्रहावर बुद्धिमान जीव असण्याची शक्यता आणि ईश्वरावरील श्रद्धा यांत विरोध नाही; देवाच्या निर्मितीस्वातंत्र्याला आपण मर्यादा घालू शकत नाही.

मी त्या मुलाला म्हणालो, "बाळा, असे कोणी असल्याचा पुरावा आज तरी आपल्यापाशी नाही. असलेच, तर तेही त्याच पित्याची लेकरे. त्यांच्यासाठी त्याने काय योजिले आहे, हे त्याचे त्याला ठाऊक."

उत्तर अपुरे होते, हे मी जाणतो. पण पुराव्याविना 'आहे' म्हणणे ही श्रद्धा नव्हे आणि पुराव्याविना 'नाहीच' म्हणणे हे विज्ञान नव्हे. आकाशात काही चमकले, की आधी शोध घ्यावा आणि मग बोलावे. सत्य सांगण्याची आज्ञा आकाशाकडे पाहतानाही लागू आहे.