आईच्यान!

हल्लीची पोरं वाक्यागणिक 'आय स्वेअर' म्हणतात. आम्ही 'आईच्यान' म्हणायचो. इकडे नागपूरकडे 'मायची आन', 'ईमानसे', आणि समोरचा फारच अविश्वासू निघाला तर गळ्याला चिमटा घेऊन 'विद्याशप्पथ'!

'आईच्यान' म्हणजे 'आईची आण' झिजून उरलेला तुकडा. 'आण'चं मूळ संस्कृत 'आज्ञा', प्राकृतात 'आणा'. राजाची आण म्हणजे राजाचा हुकूम. त्याच्या नावाने माणसाला बांधून घ्यायचं, म्हणून पुढे तिचा अर्थ शपथ झाला. राजे गेले, आई राहिली :)

मराठेशाहीत हे प्रकरण फार गंभीर होतं. बेलभंडारा उचलून दिलेला शब्द मोडणं सोपं नव्हतं. वतनाचा तंटा कागदपत्रांनी सुटेना, तर रवादिव्य व्हायचं: उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, मग हात बांधून वर मोहोर, आणि काही दिवसांनी फोड आलेत का ते बघायचं. भयंकरच. पण निदान भाजायचा तो ज्याचा त्याचा हात. 'आईच्यान'मध्ये मात्र खोटं बोलणार आपण आणि तारण आईचा जीव. आमची आजी यावर जाम चिडायची. "खरं बोलाले माह्या जीव कायले मधात?" (विद्याशप्पथ तिला चालायची, विद्या आपली स्वतःची असते ना.)

गंमत म्हणजे कायदा आजीच्याच बाजूचा. १८४० साली कंपनी सरकारने कोर्टातली गंगाजळाची आणि कुराणाची शपथ बंद करून साधं प्रतिज्ञेवर सांगणं आणलं. नागपूर तेव्हा भोसल्यांचं होतं, ते खालसा झालं १८५४ला. पुढे १८७३च्या शपथांच्या कायद्याने जुन्या रीतीच्या शपथेला पुन्हा दार किलकिलं केलं, पण अटी घालून: ती न्यायाला आणि सभ्यतेला सोडून नसावी, आणि तिचा परिणाम तिसऱ्या कुणावर होणार नसावा. हा तिसरा माणूस वाचला आणि मला आजीच आठवली. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथही अर्थात यात बाद.

१९६९ साली नवा कायदा आला, तरी ही अट जशीच्या तशी राहिली. म्हणजे न्यायाधीशांना योग्य वाटलं तर साक्षीदाराला आजही आपल्या रीतीची शपथ घेता येते. 'आईच्यान' तेवढी घेता येत नाही.