कानठळ्या : अभ्यासाला येणाऱ्यांसाठी प्रस्तावना

मोठ्या आवाजासाठी मराठीत शब्दांची ददात नाही. दणदणाट, ठणाणा, गोंगाट, गलका, कल्ला, कालवा, कलकलाट. यादी करायला बसलं तर पान भरेल. पण आवाज अगदी सोसवेनासा झाला की हे सगळे मागे पडतात आणि तोंडात येतात ‘कानठळ्या’. गंमत अशी की बाकीचे शब्द आवाज कसा होता ते सांगतात. हा शब्द आवाजाबद्दल अवाक्षर काढत नाही, कानाचं काय झालं तेवढं सांगतो. या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्याने हा भेद आधी ध्यानात घ्यावा, पुढची बरीच गुंतागुंत त्याने सुटते.

शब्दाची वागणूक पाहा. एकवचनात तो सहसा भेटत नाही. क्रियापदं त्याला दोनच चालतात, ‘बसणे’ आणि ‘बसवणे’. आणि हे बसणं खुर्चीवरचं नव्हे. ओरडून घसा बसतो, भीतीने दातखीळ बसते, विहिरीत बुड्या मारल्या की कानात दडे बसतात. शरीरातला एखादा चालता व्यवहार अडला की मराठी माणूस ‘बसला’ म्हणतो. श्रवणतज्ज्ञ सांगतात तेही याच्या फार जवळचं आहे. प्रचंड आवाजानंतर काही तास कमी ऐकू येतं, कारण आतल्या कानातल्या रोमपेशी थकलेल्या असतात. उसंत मिळाली की त्या बहुधा सावरतात. मारा होतच राहिला तर मरतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणजे बसलेल्या कानठळ्या उठतात, पण पुरत्या उठतीलच याची हमी नाही. जाता जाता आणखी एक: संस्कृतातला ‘बधिर’ म्हणजे बहिरा. मराठीत मात्र दाताचा डॉक्टर हिरडी बधिर करतो. बहिरेपण असं अंगभर पसरल्यावर कानापुरतं बोलायला आपल्याला ‘कर्णबधिर’ हा जोडशब्द घडवावा लागला.

नादावरून घडलेल्या शब्दांचं गोत्र वेगळं. मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११चं. अशा शब्दांच्या अभ्यासाला तिथून सुरुवात करावी. भारतातल्या आर्य आणि द्राविड अशा दोन्ही कुळांतल्या भाषा या घडणीत एकमेकींच्या किती जवळ आहेत, हे भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९६९च्या निबंधात दाखवलं. मला स्वतःला सगळ्यात मोह पडतो तो ‘-आट’ या शेपटाचा. गडगडाट, कडकडाट, खणखणाट इथवर सरळ आहे. मग लखलखाट आणि चकचकाट येतात, तिथे आवाज नाहीच. सुळसुळाट चोरांचाही होतो. खिशात खडखडाट आणि नळाला ठणठणाट, म्हणजे रिकामं भांडं वाजतं तेवढाच आवाज. आणि कहर म्हणजे शुकशुकाट! कमाल गोंगाटाचं शेपूट कमाल शांततेलाही लागतं. मग ‘-आट’ आवाज दाखवतो म्हणणं लंगडं पडतं. तो परिसीमा दाखवतो.

हे सगळं कोशांत बसून कळेल. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ची आवृत्ती आणि दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हाताशी असावेतच. पण माझा आग्रह मुंबईतल्या देवनारला उतरण्याचा आहे. १९५४पासून टाटा समाजविज्ञान संस्था इथे आहे. कचऱ्याचं मैदान त्याहून जुनं, १९२७चं. शिवाय कत्तलखाना, बसचा डेपो आणि वि. ना. पुरव मार्गावरची अखंड रहदारी. इतके निरनिराळे आवाज एवढ्याशा जागेत अन्यत्र क्वचित सापडतील. बकरी ईदच्या आधी इथे लाखाहून अधिक बकरे उतरतात. एकट्या बकऱ्याच्या बें-बेंने कोणाच्या कानठळ्या बसत नाहीत. हजारोंचा मिळून होतो तो गलका. उलट सिग्नलला शेजारी उभ्या डंपरने एकदाच हॉर्न दाबला तरी कान सुन्न होतात.

त्याच सिग्नलला कान देऊन उभं राहा. ‘कान किटले’ म्हणणाऱ्याची तक्रार मोठ्या आवाजाची नसते, तेच ते ऐकण्याची असते. ‘डोकं उठलं’ म्हणणाऱ्याचा आवाज लांबलेला असतो. ‘कान गेले राव’ हे क्षणाचं. गोवंडीच्या बाजूला सरकलात की ‘कान फट गया’. ‘कानठळ्या’ बोलण्यापेक्षा आता बातम्यांत जास्त दिसतात, त्याही गणपतीत, ‘डीजे’ या शब्दाला जोडूनच. शब्द असा एकाच खुंटीला टांगला की झिजतो, असं माझं मत आहे.

मोजणीचं थोडक्यात. डेसिबल दहाने वाढला की ध्वनीची तीव्रता दहापट होते. कानाला मात्र तो साधारण दुप्पटच वाटतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शाळा, रुग्णालयं, न्यायालयं यांभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४०. हातभर अंतरावरून साधं बोलणंच ६०च्या आसपास भरतं, यावरून कागद आणि रस्ता यांतलं अंतर कळावं.

आणि आवाज मोजणारं यंत्रही कमी पडतं. ८ ऑगस्ट २०१८ला माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला, चेंबूरपर्यंत हादरा बसला. असे प्रसंग सांगताना माणसं आवाजाचं वर्णन करत नाहीत, कानाचंही नाही. खिडकीच्या काचा कशा थरारल्या ते सांगतात. म्हणून नोंदवहीत चार रकाने आखा. पहिले तीन: आवाज, कान, आणि आजूबाजूच्या वस्तू. चौथ्यात मीटरचा आकडा लिहा, पण माणसाचं वाक्य पुरतं उतरवून झाल्यावर. आकडा आधी दिसला की समोरचा त्याला शोभेल असा शब्द शोधू लागतो.