जड हायड्रोजन आणि स्फटिकाची घडण

४ जानेवारी २०२५ रोजी डॉ. राजगोपाल चिदंबरम यांचे निधन झाले. देशाने त्यांचे स्मरण प्रामुख्याने पोखरणचे शास्त्रज्ञ म्हणून केले. त्यांच्या संशोधनाचा आरंभ मात्र एका निराळ्याच प्रश्नापासून झाला होता: स्फटिकात हायड्रोजनचा अणू नेमका कोठे असतो?

एकच इलेक्ट्रॉन असलेला हायड्रोजन क्ष-किरणांना जेमतेम दिसतो. न्यूट्रॉनला तो स्पष्ट जाणवतो. ट्रॉम्बे येथे १९६० साली कार्यान्वित झालेल्या सायरस अणुभट्टीतील न्यूट्रॉनांच्या साहाय्याने चिदंबरम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फटिकांतील हायड्रोजन बंधांचा वेध घेतला.

या तंत्रात एक अडचण आहे. साधा हायड्रोजन न्यूट्रॉनांचे इतके विस्कळीत विकिरण करतो, की उपयुक्त संकेत त्यात बुडून जातो. म्हणून अनेकदा त्याच्या जागी ड्युटेरियम योजतात. हॅरॉल्ड युरी यांनी १९३१ मध्ये शोधलेल्या या समस्थानिकाचे वस्तुमान जवळजवळ दुप्पट, पण रासायनिक स्वभाव बहुतांशी तोच. तेव्हा स्फटिकाची रचनाही तीच राहील, असे मानणे सोयीचे ठरते.

या सोयीस्कर समजुतीला पहिला तडा १९३९ मध्येच गेला होता. रॉबर्टसन आणि उबेलोड यांनी ऑक्झॅलिक आम्लाच्या डायहायड्रेटमध्ये ड्युटेरियम घातले, तेव्हा त्यातील एक हायड्रोजन बंध सुमारे ०.०४ अँगस्ट्रॉमने लांबला. कारण पुंज यामिकीत आहे. निरपेक्ष शून्य तापमानालाही अणूचे कंपन थांबत नाही. जड अणूचे कंपन किंचित आवरलेले असते, आणि त्यामुळे शेजारी रेणूंमधील ओढही बदलते. पुढे तर याच जड ऑक्झॅलिक आम्लाचे एक वेगळे स्फटिकरूप हाती आले. साध्या आम्लात ते नेहमीच्या दाबाला आढळत नाही. या घटनेला समस्थानिकी बहुरूपता म्हणतात.

प्रबळ हायड्रोजन बंध असतील तेथेच असे घडते, हा समजही टिकला नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ड्युटेरियमयुक्त पिरिडीन केवळ थंड केल्यावर नव्या रूपात गेले. साध्या पिरिडीनमध्ये त्या रूपासाठी दाब द्यावा लागला.

दोन स्फटिकरूपांच्या ऊर्जेतील अंतर अनेकदा अत्यल्प असते. पारडे जवळजवळ समतोल असले, की समस्थानिकाचा गुंजभर भारही ते झुकवू शकतो.

आज हा विषय प्रयोगशाळेपुरता उरलेला नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत पहिल्या ड्युटेरियमयुक्त औषधाला मान्यता मिळाली, आणि औषधाची विद्राव्यता त्याच्या स्फटिकरूपावर अवलंबून असते. भारत जड पाण्याच्या प्रमुख उत्पादकांपैकी एक आहे. औषधनिर्मितीत तर आपली ख्याती आहेच. या दोन सामर्थ्यांची सांगड घालताना ऑक्झॅलिक आम्लाचा धडा विसरता कामा नये: जड रेणूचा स्फटिक स्वतंत्रपणे तपासावा, हलक्या रेणूवरून त्याचे अनुमान बांधू नये.