नळाच्या टोकाशी कोळसा

स्वयंपाकघरातल्या जलशुद्धीकरण यंत्राच्या जाहिराती पाहिल्या, तर या यंत्राचा जन्म रोगराईच्या भीतीतून झाला असावा असे वाटते. त्यातल्या कोळशाच्या कार्ट्रिजपुरते तरी हे खरे नाही. शहराच्या नळाला येणाऱ्या पाण्यातल्या जंतूंचा बंदोबस्त बहुतेक वेळा क्लोरीनने आधीच केलेला असतो, आणि कोळसा त्या क्लोरीनलाच घालवायला बसवलेला असतो. त्याची कुळकथा ही मुळात चवीच्या तक्रारीची कथा आहे. पाण्याला वास येतो या एका तक्रारीची दोन उत्तरे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुढे आली. एक क्लोरामाईन, दुसरे कोळसा. आज पहिले उत्तर दुसऱ्याच्या आड येते, आणि घरगुती फिल्टरची बरीचशी गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

कोळशाचे घराणे यात जास्त जुने. सेंट पीटर्सबर्गच्या एका औषधशाळेत काम करणाऱ्या टोबियास लोवित्स यांना 1785 मध्ये दिसले, की कोळशाची पूड टाकल्यावर मळकट द्रावणाचा रंग उडतो. हा गुण सर्वांत आधी उचलला तो साखर कारखानदारांनी. एकोणिसाव्या शतकात युरोपातली साखर हाडांच्या कोळशातून जाऊन पांढरी होत असे. 1900 च्या सुमारास राफाएल फॉन ऑस्ट्रेयको यांनी वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या साहाय्याने कोळसा तापवून त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रे पाडण्याच्या पद्धतींचे पेटंट घेतले. अशा सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममधला आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास जाऊ शकतो. तरी तो घरोघरी माहीत व्हायला एक युद्ध व्हावे लागले. 22 एप्रिल 1915 रोजी ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला, आणि त्याच वर्षी रशियात निकोलाय झेलिन्स्की यांनी कोळशाचा मुखवटा तयार केला. अमेरिकेने मुखवट्यांसाठी नारळाच्या करवंटीचा कोळसा वापरला आणि करवंट्या पुरेनात तेव्हा 1918 मध्ये नागरिकांकडून पीच फळाच्या कोयाही गोळा केल्या. करवंटीचा कोळसा आजच्या कार्ट्रिजमध्येही असतो.

क्लोरीन मात्र त्याआधीच पाण्यात पोचला होता. 1908 च्या सप्टेंबरमध्ये डॉ. जॉन लील यांनी न्यू जर्सीतल्या बूनटन जलाशयाचे पाणी ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक करायला सुरुवात केली. त्यांनी कोणाची परवानगी घेतलेली नव्हती आणि पाण्याच्या शुद्धतेवरून जर्सी सिटीने जलकंपनीवर भरलेला खटला तेव्हा न्यायालयात चालूच होता. निकाल पद्धतीच्या बाजूने लागला आणि काही वर्षांतच अमेरिकी शहरांनी ती उचलली. विषमज्वर ओसरला, पण चव बिघडली. खरा घोळ निव्वळ क्लोरीनचा नव्हताच. कोक भट्ट्यांचे सांडपाणी नद्यांत आणि तळ्यांत जात होते, त्यात फिनॉल असे, आणि फिनॉलशी क्लोरीनची गाठ पडली की क्लोरोफिनॉल बनते. त्याचा औषधी, दवाखान्यासारखा उग्रपणा अब्जांश प्रमाणातही जिभेला कळतो. दगडी कोळशाने केलेली ही घाण शेवटी कोळशानेच निस्तरली. जर्मनीत हाम येथे 1929 मध्ये, मिशिगनच्या बे सिटीत 1930 मध्ये दाणेदार कोळशाचे थर बसले आणि न्यू जर्सीतल्या न्यू मिलफर्डच्या केंद्रात त्याच सुमारास कोळशाची पूड पाण्यात टाकायला सुरुवात झाली. कोणी आजारी पडले म्हणून हे झाले नाही. लोक पाणी तोंडाला लावीनात, म्हणून झाले.

क्लोरामाईनचे उत्तर ओटावाहून आले. जोसेफ रेस यांनी 1917 मध्ये क्लोरीनसोबत अमोनिया मिसळला. युद्धामुळे महागलेली ब्लीचिंग पावडर कमी लागावी हा त्यांचा हेतू. पण क्लोरीन आणि अमोनियापासून बनणारे क्लोरामाईन सौम्य निघाले, फिनॉलवर सहसा तुटून पडत नव्हते, त्यामुळे 1930 च्या दशकात अनेक शहरांनी चवीसाठी ते पत्करले. पुढच्या युद्धात अमोनिया दारूगोळ्याकडे वळला आणि ते मागे पडले. त्याला परत आणले 1974 मधल्या एका शोधाने. रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी दाखवले, की नदीतल्या सेंद्रिय द्रव्यांशी संयोग होऊन क्लोरीनपासून क्लोरोफॉर्म बनतो. अमेरिकेने 1979 मध्ये अशा द्रव्यांवर लिटरला 0.10 मिलिग्रॅमची मर्यादा घातली, आणि ती पाळण्याचा सोपा मार्ग म्हणून कित्येक जलकंपन्या पुन्हा क्लोरामाईनकडे वळल्या.

इथे घरातल्या कोळशाची पंचाईत होते. क्लोरीन कोळशाच्या छिद्रांत नुसता अडकत नाही. कोळसा त्याच्याशी रासायनिक क्रिया करतो आणि त्याचे निरुपद्रवी क्लोराइड करून टाकतो. ही क्रिया इतकी झटपट होते, की नळाला लावलेले छोटेसे कार्ट्रिजही पुरते. क्लोरामाईनचीही तीच गत होते, पण फार सावकाश. पाणी कोळशाला बराच वेळ भिडून राहिले पाहिजे. डायलिसिस केंद्रांनी हे भोगले आहे. क्लोरामाईन रुग्णाच्या रक्तात उतरले तर तांबड्या पेशी फुटतात, म्हणून तिथे कोळशाच्या दोन टाक्या एकापाठोपाठ असतात, पाणी त्यांत एकूण दहा मिनिटे थांबावे असा दंडक आहे आणि उरलेला एकूण क्लोरीन लिटरला 0.1 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. टेबलावरच्या फिल्टरच्या जगमध्ये पाणी एवढे थांबत नाही. शिवाय क्लोरीन उकळल्याने किंवा भांडे रात्रभर उघडे ठेवल्याने निघून जातो, क्लोरामाईन तसे सहजी जात नाही. परदेशात मासे पाळणारी मराठी घरे हे मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांवरून शिकतात.

यावर कोणी म्हणेल, की रूक यांच्या शोधानंतर तरी फिल्टर आरोग्यासाठीच लागतो. ते अर्धेच खरे. कोळसा क्लोरोफॉर्म शोषतो, पण ती क्षमता क्लोरीन घालवण्याच्या क्षमतेपेक्षा बरीच आधी संपते; चव चांगली लागते म्हणून कार्ट्रिज चांगले, हा हिशोब चुकतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: क्लोरीन काढणे म्हणजे राखणदारालाच घालवणे. भारतात तो विशेष लागू पडतो. आपल्या मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरायला हवा, आणि तो उरावा म्हणूनच ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीन चाचणी) घेतो. जिथे पाणी दोन तासच येते आणि उरलेला दिवस टाकीत किंवा माठात साठते, तिथे साठवणीच्या आधी कोळसा लावणे हा मूर्खपणा आहे. प्यायच्या पेल्याआधीच्या शेवटच्या टप्प्यावर तो लावला, तर हरकत उरत नाही. आरओ यंत्रात मात्र कोळसा पडद्याच्या आधीच हवा, कारण पॉलिअमाइडचा पडदा क्लोरीनने खराब होतो. तिथून पुढे राखणदार उरत नाही, म्हणून त्याच्या टाकीतले पाणी ताजे असतानाच संपवावे.

कार्ट्रिज केव्हा बदलायचे, याचे उत्तर कंपनीच्या महिन्यांच्या आकड्यापेक्षा त्याच ओटी टेस्टमधून चांगले मिळते. गाळलेल्या पाण्याचा नमुना वेगळा घेऊन त्यात थेंब टाकले आणि पिवळी झाक आली, तर कोळसा संपला. द्रावण विषारी असल्याने तो नमुना फेकून द्यायचा. झाक आली नाही तर क्लोरीनपुरती खात्री. क्लोरोफॉर्म पार होऊ लागला आहे की नाही, हे थेंबांनी कळत नाही; त्यासाठी पाणी प्रयोगशाळेतच द्यावे लागते.