हाड कापून सांधा वाचतो का?

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका सासूबाईंनी प्रश्न टाकला. त्यांची सून चौतीस वर्षांची. लहानपणापासून जरा लंगडते. तीन वर्षं तिच्या कंबरेला इंजेक्शनं झाली, पण दुखणं कंबरेत नव्हतंच, ते जांघेत होतं. शेवटी तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांनी फोटो काढला आणि म्हणाले, खुब्याची वाटी उथळ आहे, हाड कापून फिरवावं लागेल. सासूबाई आम्हाला म्हणाल्या, "धडधाकट हाड कापून कुठं बरं होतं का? आणि झालं तर किती वर्षं?"

दुसरा प्रश्न आम्हाला फार आवडला. पहिला सगळे विचारतात, दुसरा कोणी विचारत नाही. म्हणून आजच्या भागात या ऑपरेशनचा इतिहास सांगतो.

आधी खुबा समजून घेऊ. मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं आणि ते कंबरेच्या हाडातल्या वाटीत फिरतं. दोन्हींवर गुळगुळीत कूर्चा असते. ती झिजली की हाडावर हाड घासतं, पाय अखडतो, खाली बसवत नाही. वाटी उथळ असली तर सगळा भार तिच्या काठावर येतो आणि झीज तरुणपणीच सुरू होते. ही उथळ वाटी मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी जास्त आढळते.

आता गोष्ट दोनशे वर्षं मागे जाते, अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात. 1826 साली तिथल्या जॉन ऱ्ही बार्टन नावाच्या सर्जनकडे एक तरुण खलाशी होता. जहाजावर पडून त्याचा खुबा पार जखडला होता. बार्टननं खुब्याखाली मांडीचं हाड कापलं. भूल द्यायचं औषध तेव्हा नव्हतंच, ते यायला अजून वीस वर्षं होती. काम सातेक मिनिटांत उरकलं असं सांगतात. ती सात मिनिटं त्या पोरानं कशी काढली असतील, देव जाणे. पुढे कापलेली जागा जुळू न देता ती हलवत ठेवली, म्हणजे तिथं नवा सांधा तयार व्हावा. झालाही. खलाशी चालू लागला. पण सहाएक वर्षांनी ती जागा पुन्हा जखडली.

म्हणजे सासूबाईंचा दुसरा प्रश्न पहिल्याच रोग्यापासून या ऑपरेशनच्या मागे लागलेला आहे.

झिजलेल्या खुब्यासाठी ही पद्धत नावारूपाला आणली इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या टॉमस मॅकमरे यांनी. 1935 च्या सुमारास ते मांडीचं हाड वरच्या बाजूला तिरकं कापून खालचा तुकडा आत सरकवत. मग कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर, आणि कित्येक आठवडे अंथरूण. गंमत अशी, की झिजलेल्या सांध्याला हात न लावताही अनेकांचं दुखणं लगेच कमी होई, रात्रीची झोप लागे. का, यावर डॉक्टरांत वाद होते. कोणी म्हणे भाराची दिशा बदलली, कोणी म्हणे हाडात तुंबलेल्या रक्ताचा दाब उतरला.

भाराचं गणित जर्मनीतल्या आखेन शहराच्या फ्रीडरिश पाउवेल्स यांनी मांडलं. एका पायावर उभं राहिलं की त्या खुब्यावर आपल्या वजनाच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त भार येतो. पन्नास किलोची बाई असेल तर दीडशे किलोच्या वर, आणि डोक्यावर हंडा असला तर आणखी. त्यांनी हाडाचा कोन बदलून चेंडू वाटीत नीट बसवायला सुरुवात केली. काही जणांच्या फोटोत झिजलेली फट पुन्हा रुंद झालेली दिसली.

याच गणितातून एक फुकटची गोष्ट निघते. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला नाही, दुसऱ्या हातात धरायची. उजवा खुबा दुखतो तर काठी डाव्या हातात. आमच्या गटातल्या सगळ्या म्हाताऱ्या उलटीच धरत होत्या, आणि खरं सांगायचं तर आम्हीही तशीच हातात देत होतो.

लिव्हरपूलला आपल्याकडचे पुष्कळ डॉक्टर शिकायला जात. त्यांच्याबरोबर मॅकमरेंचं ऑपरेशन भारतात आलं आणि खुब्याजवळ मोडून न जुळलेल्या हाडासाठीही बरीच वर्षं चाललं. आपल्याला मांडी घालून बसायचं असतं, उकिडवं बसायचं असतं, आणि स्वतःचा सांधा राहिला तर ते जमण्याची आशा असते.

पण वर्षं सरली तसं दिसू लागलं, की झीज जास्त झाल्यावर हाड कापलेल्यांपैकी अनेकांचं दुखणं काही वर्षांनी परत येतं. तेवढ्यात 1962 साली इंग्लंडमध्येच जॉन चार्नली यांनी विशिष्ट प्लास्टिकची वाटी आणि धातूचा चेंडू बसवायला सुरुवात केली. त्याआधी त्यांनी वापरलेलं टेफ्लॉन काही वर्षांत झिजून गेलं होतं आणि शेकडो रोग्यांची ऑपरेशनं वाया गेली होती. नवं प्लास्टिक मात्र टिकलं. मग वय झालेल्यांचं हाड कापणं मागे पडलं. शिवाय मॅकमरेंच्या पद्धतीनं हाड वाकडं जुळलं असेल तर पुढे त्यात कृत्रिम सांध्याचा दांडा बसवणं अवघड जाई.

तरुण बाईचं काय? कृत्रिम सांधाही झिजतो, आणि तिशीत बसवला तर आयुष्यात पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता मोठी. इथं स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहराचं काम येतं. 1984 साली राइनहोल्ड गान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडीच्या हाडाऐवजी वाटीच्या भोवतीचं हाड कापलं, वाटी सुटी करून फिरवली, चेंडूवर नीट छप्पर येईल अशी बसवली आणि स्क्रूनं पक्की केली. आणि ज्याचं आम्हाला जास्त कौतुक वाटतं ते पुढचं: सुरुवातीच्या 63 रोग्यांचे 75 खुबे त्यांनी सोडून दिले नाहीत. वीस वर्षांनी पाहिलं, तर शंभरात साधारण साठ खुबे रोग्यांचे स्वतःचेच राहिले होते. तीस वर्षांनी पाहिलं, तर जवळपास एक तृतीयांश खुबे चांगल्या स्थितीत होते, कृत्रिम सांधा नाही आणि झीजही वाढलेली नाही.

कोणाचे टिकले? वय कमी होतं त्यांचे, आणि झीज सुरू होण्याआधी ऑपरेशन झालं त्यांचे. चाळिशी उलटून, झीज झाल्यावर आलेल्यांचे कमी टिकले.

हे सगळं आम्ही त्या सासूबाईंच्या ओट्यावर बसून सांगितलं. सून आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "म्हणजे तीन वर्षं कंबरेला सुया टोचल्या, ती माझी चांगली वर्षं गेली." आम्हाला उत्तर सुचलं नाही. आता ती डॉक्टरांना विचारणार आहे, की कूर्चा किती शिल्लक आहे, आणि अशी ऑपरेशनं ते स्वतः नेहमी करतात का.

तिची मुलगी दहा महिन्यांची आहे. आईला उथळ वाटी असेल तर मुलीची तपासणी करावीच. जन्मतःच्या खुब्याच्या दोषाची तपासणी सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आहे, आशाताईंना विचारा. तान्ह्याचे पाय सरळ ताणून घट्ट बांधू नका. जपानमध्ये 1975 नंतर ही सवय मोडायची मोहीम झाली, आणि तिथं असे खुबे पुष्कळ कमी झाले. आपली मूल कडेवर घ्यायची पद्धत, दोन्ही पाय आईच्या कंबरेभोवती फाकवून, ती मात्र खुब्याला चांगली.

आजी नातीला कडेवर घेऊनच आमच्याशी बोलत होती.